टाळूचा वास

एका राज्यात मूल राजाचं ठरे ते नाव ठेवल्याने नव्हे, आणि ताम्रपटावर कोरल्यानेही नव्हे. बारशाच्या दिवशी भर दरबारात राजाने वाकायचं, बाळाची टाळू हुंगायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “हे आमचं.” हे दोन शब्द झाले की नगारे वाजत. शंभर पिढ्यांची ही रीत, आणि आजवर ती कधी चुकली नव्हती.

त्याच राज्यात एक गंधशाळा होती आणि तिथे धारिणी नावाची विदुषी राहत होती. मुंग्यांच्या वाटेवर बोट फिरवून ती वाट पुसून टाकी आणि मुंग्या कुठे अडखळतात ते मोजी. हत्तीला जमिनीखालचं पाणी किती हातांवरून कळतं, शंभर कोकरांतून मेंढी आपलं कोकरू कसं ओळखते, हे चाळीस वर्षं पाहून पाहून तिने ग्रंथ लिहिला होता. त्याच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती: ‘सर्व प्राण्यांत माणसाचं नाक निरुपयोगी.’ ही ओळ ती प्रत्येक शिष्याकडून पाठ करून घेई. बाईंचा स्वभाव तसा कडक, आणि आपली चूक होऊ शकते हे त्यांच्या स्वप्नातही आलेलं नव्हतं.

राणी कौमुदीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी दरबार भरला. राजा रुद्रसेन वाकला आणि वाकलेलाच राहिला. नगारेवाले टिपऱ्या उगारून थांबले. राजाने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“इथे वासच नाही,” तो म्हणाला.

बाळ तेच होतं. नाक, डोळे, कानामागचा तीळ, सगळं जागच्या जागी. पण दारची कुत्री तिच्यावर गुरगुरू लागली, आणि मांडीवर घेतलं तरी राणीला पान्हा फुटेना. बाळालाही आईची छाती सापडेना. ते तोंड इकडे तिकडे फिरवी आणि थकून रडणं थांबवी. कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजत होते, तरी ते दिवसेंदिवस सुकत चाललं. त्यात रीत अशी की ज्याला वास नाही ते मूल परकं, येत्या पौर्णिमेला ते सीमेबाहेर ठेवायचं. राजा ढसढसा रडला, पण रीत राजापेक्षा जुनी होती.

धारिणीला बोलावणं गेलं. वास आपोआप जात नाही, तो कुणीतरी चोरला असणार, असं म्हणून तिने पहारेकऱ्यांना एकच प्रश्न विचारला. “बारशाच्या आदल्या रात्री कुत्री भुंकली?”

“नाही,” पहारेकरी म्हणाले.

मग तिला सगळं समजलं. जंभक! तिचा सर्वांत हुशार शिष्य. वास कुपीत कसा धरावा हे तिनेच त्याला शिकवलं होतं, आणि त्याने पहिल्यांदा स्वतःचाच वास काढून कुपीत कोंडला होता, म्हणजे कुठलंही जनावर त्याला ओळखू नये. पौर्णिमेला राजवंशाचा वास आपल्या मस्तकाला चोळून तो दरबारात येणार आणि राजा त्यालाच ‘हे आमचं’ म्हणणार.

“मी जाते,” धारिणी म्हणाली.

“मीही येते, लेकीला घेऊन,” राणी म्हणाली. राजाने अडवून पाहिलं. ती म्हणाली, “नऊ महिने वागवली, आणखी नऊ दिवस वागवीन.”

जंभकाचा गड मंत्राच्या धुक्यात होता. डोळे उघडे असणाऱ्याला तो कधीच सापडत नसे. पण गंधशाळेत एक बोलणारा पारवा होता, त्याच गडाच्या वळचणीला जन्मलेला.

“घरची वाट दाखवशील?” धारिणीने विचारलं.

“नाही दाखवणार,” पारवा म्हणाला. “वास न घेता पारवा घरी पोचतो का, हे बघायला तू माझ्या नाकपुड्या मेणाने बुजवल्यास. सहा दिवस मी रानोमाळ भटकलो. तू पानावर आकडा लिहिलास आणि जेवायला गेलीस.”

हे अगदी खरं होतं. धारिणीने राजापुढेही कधी मान वाकवली नव्हती. ती पारव्यापुढे वाकवली. “चुकले,” ती म्हणाली. पारव्याने पिसं फुगवली आणि मग उडाला. वाऱ्यात कुठे कडुनिंबाचा वास, कुठे दूरच्या तळ्याचा. त्यांची सांगड घालत तो पुढे गेला, आणि दोघी डोळे घट्ट मिटून त्याच्या पंखांच्या फडफडीमागे चालल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या पायांना गडाची पायरी लागली, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

आत एक दालन होतं आणि त्यात हजार दारं, सगळी एकसारखी. धारिणीने कमरेची वेताची डबी उघडली. तिच्यात रेशमाचा एक नर पतंग होता. “मादीचा वास तुम्हा-आम्हाला येत नाही,” तिने राणीला सांगितलं. “याला मात्र कोसभरावरून येतो. जंभकाने जगातले सारे वास जमवलेत. हा वास त्याने सोडला असेल का?” पतंगाने पिसांसारख्या मिशा पसरल्या, हवेत नागमोडी वळणं घेतली आणि तो एका दारावर जाऊन बसला. दार उघडलं. आत जमिनीपासून छतापर्यंत कुप्याच कुप्या होत्या, आणि मधोमध जंभक उभा होता.

“गुरुमाई,” तो म्हणाला, “दारी आलेल्या गुरूला रिकाम्या हाती पाठवणं माझ्या विद्येला चालत नाही. या तीन कुप्या, यांतल्या एकीत पोरीचा वास आहे. हुंगा हव्या तितक्या, पण गाठ एकीचीच सोडायची. चुकलात तर पोरीचा वास माझा, आणि तुमचाही माझा.”

“निवडायचं कोणी?”

“माणसाने. जनावर या उंबऱ्याच्या आत येणार नाही.” तो हसला. “तुमच्या ग्रंथाचं पहिलं पान मला अजून पाठ आहे.”

ते पान धारिणीनेच लिहिलं होतं. पण तिच्याकडे चाळीस वर्षांची शिस्त होती. राणी कुपीकडे न बघता जंभकाच्या चेहऱ्याकडे बघते आहे, हे तिने हेरलं आणि राणीचे डोळे पदराने बांधले. “जंभका, भिंतीकडे तोंड कर. हे तुला शिकवलं होतं.” आणि काय सांगावं, तो एवढा मोठा जादूगार, पण जुन्या सवयीने मुकाट वळला! आपल्या हाताचा वास लागू नये म्हणून धारिणीने दोन काड्यांच्या चिमट्यात कुपी धरली आणि तिचं तलम कापड बांधलेलं तोंड राणीच्या नाकाशी नेलं.

राणी पहिल्या वासालाच हुंदके देऊ लागली. “हीच! हीच माझी लेक!”

धारिणीचा हात गाठीपर्यंत गेला. मग तिने स्वतः हुंगून पाहिलं. “राणीसाहेब, हा मलासुद्धा येतो. ओव्याची धुरी, तेल, हळद. ही बाळंतिणीची खोली झाली. यात बाळ कुठे आहे?”

राणीने नाक मागे घेतलं. नाकाला विसावा म्हणून धारिणीने तिला स्वतःच्या कोपराची घडी हुंगायला लावली आणि दुसरी कुपी धरली.

“गोड आहे. कुणाचं तरी तान्हं आहे,” राणी म्हणाली. “पण माझं आहे का ते कळत नाही.”

तिसरी कुपी धरली. राणीने एकदा श्वास घेतला, दोनदा घेतला. “ही रिकामी आहे, धारिणी. हिच्यात काहीच नाही.”

“रिकामीच आहे,” भिंतीकडून जंभक म्हणाला. “पहिली उघडा.”

“उघडा ना,” राणी काकुळतीला आली.

पण धारिणी राणीच्या तोंडाकडे बघतच नव्हती. राणीच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले होते आणि पसरत चालले होते. इतके दिवस आटलेला पान्हा आपोआप फुटला होता, आणि जिला फुटला तिलाच त्याचा पत्ता नव्हता.

एकदा झालं ते धारिणी कधीच खरं मानत नसे. तिने कुप्यांचा क्रम बदलला. पुन्हा बदलला. तिन्ही वेळा राणी म्हणाली, “ही रिकामी.” तिन्ही वेळा त्याच कुपीला दूध वाहिलं, दुसऱ्या कुठल्याही नाही. हत्ती, मुंग्या, मेंढ्या, पतंग यांच्यामागे धारिणी चाळीस वर्षं फिरली होती, आणि आरशात दिसणाऱ्या प्राण्याकडे तिने ढुंकून पाहिलं नव्हतं.

तिने गाठ सोडली.

दिसलं काहीच नाही. झोळीतलं बाळ मात्र हललं. त्याने मान वळवली, नाक उचललं आणि सुकल्या तोंडाने सरळ आईची छाती धरली. राणीच्या डोळ्यांवर अजून पट्टी होती. तिने वाकून टाळू हुंगली आणि आजवर फक्त राजांनी उच्चारलेले शब्द उच्चारले: “हे आमचं.”

त्या शब्दांसरशी गडावरच्या सगळ्या गाठी सुटल्या. गावोगावच्या पाळण्यांकडे त्यांचे त्यांचे वास निघाले. एका जुन्या कुपीतून जंभकाचाही वास निघाला आणि त्याला येऊन चिकटला. लगेच खालच्या खोऱ्यातली सारी कुत्री भुंकू लागली, आणि तेव्हापासून चोरपावलांनी कुठल्याही गावात शिरणं त्याला जमलं नाही.

पौर्णिमेला दरबार भरला, राजा वाकला, नगारे वाजले. त्या दिवसापासून रीत एवढीच बदलली की आधी आई हुंगते, मग राजा.

धारिणीने गंधशाळेत जाऊन ग्रंथाचं पहिलं पान उघडलं. ती ओळ तिने खोडली नाही. शिष्यांना चूक दिसावी म्हणून तशीच ठेवली आणि तिच्याखाली लिहिलं: ‘माणसालाही वास येतो. येतो हे मात्र त्याला कळत नाही.’

सांगणाऱ्याने सांगितलं, ऐकणाऱ्याने ऐकलं. आता ज्याच्या घरी पाळणा हलत असेल, त्याने वाकून खरं-खोटं करून घ्यावं.