उकिरड्यावरचे खापर

नदीकाठच्या एका गावी पूर्वी एक वृद्ध गुरुजी हळदीची शंभर पेवे सांभाळीत असत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले कोठार. तोंडावर फरशी ठेवून माती लिंपली की भरलेले कोणते आणि रिकामे कोणते, हे ब्रह्मदेवालाही वरून कळू नये. भरलेले पेव चुकून उघडले, तर ओल शिरून कुणाची तरी हळद नासायची.

गुरुजींची एक रीत होती. पेव रिकामे झाले की आपल्या दाराशी टांगलेले, आधीच्या रिकाम्या पेवाच्या आकड्याचे खापर ते त्या पेवाच्या तोंडाशी, फरशीखाली बांधीत. आणि या पेवाचा आकडा कोळशाने नव्या खापरावर लिहून ते दाराशी टांगीत. पेव भरताना आतले खापर पुन्हा दाराशी येई. त्यांच्या शिष्याला हा म्हातारचळ वाटे. स्वतः ही स्वारी मोठी टापटिपीची! गुरुजी परगावी असताना त्याने सतरावे पेव भरले आणि आतले खापर उकिरड्यावर भिरकावले.

चौथ्या दिवशी अवकाळी आभाळ भरून आले. सोनाक्का नावाची शेतकरीण वर्षाची हळद दोन गाड्यांत घालून आली. दाराशी अजून सतराचेच खापर! शिष्याने अंदाजाने एक पेव उघडले, भरलेले. दुसरेही तसेच. पाचवेही.

“आवं, ढग डोक्यावर आलं! ही भिजली तर वरीसभर खायाचं काय आमी?” सोनाक्काला रडू फुटले.

इतक्यात गुरुजी परतले. दाराशी सतराचे खापर आणि उघडी पडलेली पाच तोंडे त्यांनी पाहिली. “सतराव्यातलं खापर कुठं आहे?”

“टाकलं.”

“तू आधी ती पाच तोंडं लिंपून घे,” एवढेच बोलून गुरुजी उकिरड्यावर बसले आणि दोन्ही हातांनी कचरा उपसू लागले. गाड्या उघड्यावर, आणि हे खापरे वेचताहेत! शिष्याला काही उमजेना.

अखेर खापर सापडले. आकडा पुसट होता, बेचाळीस. ते पेव उघडले, रिकामे. हळद आत गेली, फरशी बसली, मग थेंब आले.

“गुरुजी, सगळे आकडे भिंतीवरच का नाही लिहीत?”

“भिंत किती पुरणार, बाबा? भरलेल्या पेवाला हळद सांभाळायची असते. रिकाम्याला दुसरं काम काय? पुढच्या रिकाम्याचा पत्ता त्यानंच सांभाळावा. मग शंभर पेवं धुंडाळावी लागत नाहीत, दारातलं खापर नेमकं तिथं नेतं. पण मधलं एक हरवलं, की पुढची सारी रिकामी पेवं असून नसल्यासारखी.”

बेचाळिसाव्यातून निघालेले नऊ आकड्याचे खापर शिष्याने सतराच्या जागी दाराशी टांगले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.