धरून ठेवलेली पानं

झाडं आणि खराटे एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. हेमांगीकाकूंनी अंगणात एक दुर्मीळ शोभेचं झाड लावलं. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "बारा महिने हिरवं! याचं पान गळतच नाही."

ते ऐकून झाड धास्तावलं. पिवळी पानंही घट्ट धरून बसलं. नव्या कोंबांना जागाच उरेना.

शेवटी त्याने खराट्याला विचारलं, "पान गळलं तर काकू मला उपटतील का रे?"

"वेडं आहेस," खराटा म्हणाला. "त्या चिकूखालून रोज टोपलीभर पानं लोटतो मी. कधी बोडका दिसला तो तुला?"

झाडाने भीतभीत एक पान सोडलं, मग दुसरं. किती हलकं वाटलं!

आठवड्याने काकू ओरडल्या, "अहो, बघा तरी, केवढी पालवी फुटलीय!" पायाखाली वाळक्या पानांचा चुरा होत होता. त्यांचं लक्षही नव्हतं.