फादरांच्या शंभर घागरी

हे चर्चमागचं बावखल. आमच्या वसईकडे वाडीतल्या तळ्याला बावखल म्हणतात. आता चर्चच्या दारात नळ आलाय, तरी उपवासकाळातल्या एका शुक्रवारी फादर झगा खोचून, अनवाणी, इथून घागरी भरतात आणि वाडीतल्या केळींना घालतात. शिकलेले लोक याला परंपरा म्हणतात. खरं कारण एक चोर.

इनास तुस्कानो त्याचं नाव. माणूस मोठा भाविक म्हणे! रविवारी मिस्साला पहिला हजर. प्रवचन सुरू झालं की खोकत बाहेर जायचा आणि शेवटच्या आशीर्वादाला घाम पुसत परत यायचा. मधल्या वेळात सगळा गाव देवापाशी आणि इनास गावाच्या केळींपाशी. फादर मानवेलांची प्रवचनं लांब, त्यामुळे घडही मोठे मिळत. ती केळी उन्हात वाळवून, सुकेळी करून नाताळात फादरांनाच भेट द्यायचा. फादर आवडीनं खायचे आणि गावालाही वाटायचे.

एका वर्षी इनासचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. देवानं हिशेब मांडला, असं वाटून तो घाबरला आणि लंगडत पापनिवेदनाला गेला. इथली जुनी रीत अशी, की चोरीला प्रायश्चित्त पाण्याचं, बावखलातून घागरी भरून चर्चच्या केळींना घालायच्या. फादरांनी शंभर घागरी सांगितल्या.

"फादर, हा गुडघा प्रार्थनेलासुद्धा वाकत नाही. दहा करा."

"हा मासळीबाजार आहे काय, इनास?"

"मग देव दयाळू आहे म्हणून दर रविवारी कशाला सांगता?"

जाळीपलीकडून फादर म्हणाले, "दयाळू आहे, म्हणून दुसरा कोणीतरी वाहतो. तुला क्षमा झाली. घरी जाऊन पाय शेक."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा फादर स्वतः घागर घेऊन बावखलात उतरलेले!

गाव काठावर जमला. "चोरीला घागरी," मोनीबाय म्हणाली. "आमच्या दादल्याला वीस पडल्या होत्या. फादरांच्या साठ झाल्या, तरी चालूच! काय चोरलं असेल हो?" कोणी वेदीवरच्या चांदीच्या समया मोजून आला. समया पुऱ्या भरल्या, तेव्हा संशय आणखी वाढला. फादरांना विचारावं, तर ते नुसते हसत. पापनिवेदनातलं गुपित मान कापली तरी सांगायचं नसतं.

इनास ओट्यावर पाय शेकत बसला होता. आधी त्याला गंमत वाटली. मग पास्कू डाबरे बिशपांच्या नावचा अर्ज घेऊन आला. असला फादर आम्हाला नको, असं त्यात लिहिलं होतं.

"अंगठा दे, इनासभाऊ. तुझ्यासारख्या भाविकाचा पहिला हवा."

अंगठ्याला शाई लागली. अंगठा कागदापर्यंत गेला आणि तिथूनच मागे आला. इनास उठला, काठी टेकत बावखलापाशी आला आणि फादरांच्या हातातली घागर त्यानं ओढली.

"केळी मी नेली. सगळ्यांची. उरलेल्या घागरी माझ्या."

पास्कू पुढे सरसावला. "माझा तो सणाला ठेवलेला घड?"

"तोच. लई गोड होता."

लोक काठ्या शोधायला लागले. तेवढ्यात फादर पाण्यातून म्हणाले, "थांबा. ती सुकेळी मी खाल्लीत. मारायचं तर रांगेत पहिला मी."

काठ्या खाली आल्या. नाताळात ती सुकेळी कोणी खाल्ली नव्हती? वर निर्दोष माणसावर आळ घेतलेला. पास्कूनं अर्ज फाडला आणि घरून हंडा आणला. मोनीबायनं कळशी आणली. संध्याकाळपर्यंत गावानं इतकं पाणी घातलं, की त्या साली चर्चची निम्मी केळ कुजून आडवी झाली, असं सांगतात.

आजही पहिली घागर फादरच उचलतात आणि मागून गाव. कोणाच्या पापासाठी, ते कोणी विचारत नाही. विचारील त्याच्या हातात घागर देतात.

काय म्हणालात पाहुणे, यंदा कोणासाठी? घ्या, धरा. पायरी निसरडी आहे.