दुधीचं लग्न लावणारी ठकूआत्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणजे माझे केस मेंदीशिवाय काळे होते, त्याच्याही फार फार आधीची. वेळूसांगवी नावाच्या गावात ठकूआत्या राहायची. सख्खी आत्या ती कुणाचीच नव्हती, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. तिचं घर कसं होतं ते कुणाला आठवत नाही, मागचं परसू मात्र सगळ्यांना आठवतं. मोरीचं पाणी अळूला, अळूतून ओघळलेलं केळीला, तांदूळ धुतलेलं मिरचीला. तिच्याकडे पाण्याचा एक थेंब रिकामा बसत नसे, असं म्हणतात. मिरचीवर मावा पडला की ती चुलीतली राख चाळून सकाळच्या दवावर भुरभुरायची, आणि मावा म्हणे मुकाट्यानं शेजारच्या गावाची वाट धरायचा.

तिनं कुंपणाला नुसती काठी खोचली तरी पालवी फुटायची, असंही म्हणतात. आता ती काठी शेवग्याची असणार, आणि शेवग्याची फांदी माझ्यासारखीच्या हातूनसुद्धा फुटते, असं मी एकदा त्या गावात बोलून बसले. त्या दिवशी मला कुणी चहा विचारला नाही.

तर त्या पंचक्रोशीत एक रीत होती. नवी सून आली की ज्येष्ठात तिच्या हातानं परसात दुधीचं बी टोचायचं. वेल फळला तर सुनेचा हात गुणाचा. नाही फळला तर जळका. जळक्या हाताच्या बाईला कुणी पेरणीला बोलवायचं नाही, तिची ओटी कुणी भरायचं नाही.

साळूबाईच्या घरी सुंद्रा नावाची सून आली. तिनं बी टोचलं. वेल वाढला, गोठ्याच्या छपरावर चढला, पानं परातीएवढी झाली. पांढरी फुलं लागली. फुलामागं बोटाएवढा दुधी दिसायचा आणि चार दिवसांत पिवळा पडून गळायचा. एक टिकेल तर शपथ.

साळूबाई म्हणाली, "गौर येईस्तोवर बघते. गौरीच्या भाजीत ह्या वेलाचा दुधी नसला, तर गाडी जुंपते आन् तुला म्हायेरी पोचवते."

माहेरी होतं कोण? आईबाप गेलेले, दार बंद. सुंद्रा रडत ठकूआत्याकडे गेली. गौरीला तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

"आत्या, माझा हात बघा."

आत्यानं हात उलटा केला, सुलटा केला. "हाताला काय झालंय? नखात माती हाय, म्हंजी चांगलाच हाय. चल, वेल दाखव."

दोघी पोचल्या तेव्हा तिन्हीसांज होत होती. फुलं उमलायला लागली होती. आणि साळूबाई वेलाखाली घमेल्यात गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला पेटवून धुरी देत होती.

"दृष्ट लागलीया वेलाला," ती म्हणाली. "महिना झाला, रोज धुरी देते. एक दीस चुकले न्हाई."

आत्या खोकली आणि सगळं समजली. दुधीचं फूल उमलतं तिन्हीसांजेला. त्याच वेळी पतंग येतात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावतात. त्याशिवाय फळ धरत नाही. एवढ्या धुरात कोण पाहुणा येणार? पण हे बोललं असतं, तर सुंद्राचा हात सुटला असता आणि साळूबाईचा जळका ठरला असता. दोष एकीवरून उचलून त्याच घरातल्या दुसरीवर ठेवल्यासारखं.

म्हणून आत्या म्हणाली, "साळू, धुरीनं दृष्ट गेली बघ. आता धुरी बंद. आता लगीन लावायचं."

"कुणाचं?"

"वेलाचं. बिनलग्नाची कोण फळली हाय का गं? तू फळली असतीस?"

साळूबाई तोंडाला पदर लावून हसली. सून आल्यापासून पहिल्यांदा.

आत्यानं आधी वेलाचा शेंडा खुडला. साळूबाई ओरडली, "अगं, मारलास की!"

"नुसता वर धावतोय. थांबला की आडवा फुटंल. आडव्या फांदीला नवऱ्या जास्त."

मग तिनं दाखवलं. लांब, बारीक देठाचं फूल तो नवरदेव. ज्या फुलामागं इवलासा दुधी, ती नवरी. सुंद्राच्या पदराचा अंतरपाट धरला. मंगलाष्टकं कुणालाच येत नव्हती, म्हणून साळूबाईनं जात्यावरची ओवी म्हटली. सुंद्रानं नवरदेव तोडला, त्याच्या पाकळ्या मागं सारल्या आणि नवरीच्या मध्यावर हलकेच टेकवला.

"हळू," आत्या म्हणाली. "बाळाच्या टाळूला तेल लावतात, तसं."

आठ दिवस रोज तिन्हीसांजेला लग्नं लागली. अख्खी आळी वऱ्हाडाला आली. आणि गौरी आल्या त्या दिवशी वेलावर एकशे एक दुधी होते, असं म्हणतात. छप्पर वाकलं आणि म्हैस अंगणात बांधावी लागली.

पहिला दुधी साळूबाईनं स्वतः काढला. सुंद्राला वाटलं, आता चिरायला देतील. पण साळूबाई सुनेला घेऊन ठकूआत्याच्या दारात गेली. कारण जुन्या बायकांना ठाऊक होतं, की आत्याही कधीकाळी ह्याच गावातून सासरी गेली होती, आणि वर्षाच्या आत जळक्या हाताची म्हणून परत आली होती. तिची ओटी नंतर कुणी भरलीच नाही.

साळूबाई म्हणाली, "ठके, पदर पसर. नारळ न्हाई, दुधी हाय. चालंल न्हवं?"

आत्यानं मातीचे हात लुगड्याला पुसले. तिनं पदर पसरला. दुधी सुंद्रानं घातला.

आत्या कधी गेली, कुणी पाहिलं नाही. एका तिन्हीसांजेला ती वेलाआड गेली आणि पलीकडून पांढरा पतंग बाहेर पडला, असं म्हणतात.

वेळूसांगवीत अजून गौरीआधी पंधरा दिवस संध्याकाळची धुरी कुणी देत नाही. घरोघरी वेलांची लग्नं लागतात, सासवा ओव्या म्हणतात, सुना फुलं टेकवतात. पहिला दुधी घरात चिरत नाहीत. गावात जिची ओटी कुणी भरत नाही, तिच्या दारात तो घेऊन सासूसुना मिळून जातात. का भरत नाहीत ते विचारायचं नाही. ती विशीची असो की सत्तरीची, दारात उभं राहून एवढंच म्हणायचं, "आत्या, पदर पसरा."