लखमा तांडेलाचं शीड

पाखरबेटावर वीज यायच्या कितीतरी आधी लखमा तांडेल मासळी विकायला मुंबईला गेला आणि येताना होडीतून सिनेमा घेऊन आला, असं म्हणतात. चित्रं घ्यायची एक पेटी, ती दाखवायचं हाताने फिरवायचं यंत्र आणि एक कार्बाइडचा दिवा. बायको म्हणाली, "आता कालवनान काय ह्यो दिवा घालू?"

लखमा वाळूत दोन वल्ही रोवी, मध्ये होडीचं शीड ताणी आणि त्यावर बेटावरचीच माणसं दाखवी. रिळं धुवायला मुंबईला न्यावी लागत, म्हणून आज घेतलेलं चित्र फार उशिरा दिसे. म्हाताऱ्या स्वतःला बघून लाजत आणि पुन्हा दाखव म्हणून त्याच्या मागे लागत.

एका वर्षी जोमा नावाचा खलाशी बुडाला. दर्याने त्याचं अंग परत दिलं नाही. अशा वेळी नारळी पुनवेपर्यंत वाट पाहायची, मगच बायकोचा चुडा फोडायचा, आणि तोवर बेटावर लग्न लावायचं नाही, ही रीत. पण पाटलाच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. पंच हो म्हणाले, बाकीचे गप्प बसले आणि जोमाच्या बायकोचा, पोशीचा, चुडा माघातच फोडला. सांगतानासुद्धा मान खाली जाते.

लग्नात लखमाने नवं रीळ लावलं, आणि शिडावर जोमा आला. हसत होता, जाळं ओढत होता. पोशी मागून उठून पुढे आली. तिने उघडे हात शिडावर ठेवले.

"जिता हाय रं माजा घो! तुमी माजा चुरा कशाला फोरला?"

सगळे खाली बघू लागले. लखमा मात्र रीळ उलटं नेऊन पुन्हा पुन्हा तेच दाखवत राहिला.

शेवटी पाटील ओरडला, "भुताटकी हाय ती! जाला!"

आणि आमच्याच लोकांनी ते रीळ जाळलं. भुताला भिऊन नव्हे, पोशीला तोंड दाखवता येईना म्हणून.

रीळ जळून गेलं, दिवाही विझला, तरी जोमा शिडावरून हलला नाही, असं म्हणतात. उजाडेपर्यंत तो जाळं ओढत होता आणि पोशी समोर बसून होती. उजाडल्यावर लखमाने ते कोरं शीड होडीवर चढवलं, बायकोला आणि पोशीला घेतलं आणि बेट सोडलं. वारा पडला होता, तरी शीड भरलं, असं म्हणतात. त्यानंतर ती तिघं कोणाला दिसली नाहीत.

आता बेटावर दोन थिएटरं आहेत. मुंबईची मंडळी शूटिंगला येतात, आमची पोरं सिनेमे काढून बक्षिसं आणतात. सत्कारात आम्ही छाती फुगवून लखमाचं नाव घेतो. तो इथून का गेला, हे मात्र कोणी बोलत नाही.

पण प्रत्येक खेळाआधी यंत्र थोडा वेळ रिकामंच चालवतात. पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडतो आणि सगळं थिएटर खाली बघत बसतं. बाहेरचे पाहुणे विचारतात, "मशीन बिघडलं का?"

आम्ही नाही म्हणतो. त्यापुढे सांगायची आम्हाला अजून लाज वाटते.