मिरीचा गोळा आणि आभाळात गेलेला दांडा

"कुणीतरी माझा गोळा अडवलाय! बघायचं नाही, विचारायचं नाही, खुशाल वाटेत दगड ठेवायचा! कुणी केलं हे? कुणी?"

कोण ओरडलं?

मिरी ओरडली.

मिरी म्हणजे शेणभुंगी. एवढीशी. काळी कुळकुळीत. मिऱ्याच्या दाण्याएवढी.

मिरीने शेणाचा गोळा केला होता. गोल गोल गरगरीत. बोराएवढा. या गोळ्यात मिरीचं बाळ राहणार होतं. गोळ्यातच झोपणार. गोळाच खाणार. म्हणून गोळा ओल्या मातीत पुरायचा होता. लवकर! ऊन चढायच्या आत. उन्हात गोळा सुकतो. सुकला की फुटतो. फुटला की बाळाचं घर गेलं!

मिरी गोळा नेत होती. गडगड, गडगड. डोंगराचा उतार आला. गोळा सुटला. गडगडगडगड... गप्प!

कुठे गेला? एका दगडाखाली. दगडाखाली होता खळगा. खळग्यात बसला गोळा. मिरीने ओढला. हलेना. मिरीने ढकलला. हलेना.

हा दगड साधासुधा नव्हता. तो होता ट्रॉलीच्या चाकाला लावलेला दगड. ट्रॉलीत होते सीताफळांचे क्रेट. ट्रॉलीच्या पुढे उभी होती रानगाडी. जाड जाड चार चाकं. दारं नाहीतच. बागेतली सीताफळं चढावरून वर रस्त्यावर न्यायची, हे रानगाडीचं काम.

मिरी दगडाला म्हणाली,

"दगडा दगडा, सरकतोस का?
गोळा सुटेना,
आणि ऊन थांबेना!"

दगड म्हणाला, "नाही गं मिरी, मी नाही! मी सरकलो तर ट्रॉली सुटेल. घरंगळत ओढ्यात जाईल. आधी हौसाकाकूंना ट्रॉली जोडू दे, मग मी."

मिरी म्हणाली, "आधी, आधी! मग माझं कधी?"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

हौसाकाकू रानगाडी चालवतात. डोक्यावर हेल्मेट. पायात बूट. लुगड्याचा काचा घट्ट. गाडीची किल्ली कमरेला. काकू गाडीच्या मागच्या हुकाजवळ उभ्या होत्या. वर बघत होत्या.

मिरी म्हणाली,

"काकू काकू, ट्रॉली जोडता का?
दगड सरकेना,
गोळा सुटेना,
आणि ऊन थांबेना!"

काकू म्हणाल्या, "नाही गं मिरी, मी नाही! ट्रॉलीचा दांडा बघ कुठे गेलाय. आभाळात! हूक इथे, दांडा तिथे. जोडू कशी? आधी दांड्याला खाली येऊ दे, मग मी."

तेवढ्यात चिंचेखालून आवाज आला. "दोरीनं बांधा की हो!"

हे होते गेनबातात्या. ट्रॉलीत क्रेट यांनीच भरले होते.

काकू वळल्या. "दोरीनं? या चढावर? दोरी तुटली, की ट्रॉली तुमच्याच अंगावर येईल. मग ओरडाल, हौसाबाई, हौसाबाई!"

तात्या पुन्हा चिंचेला टेकले.

मिरी म्हणाली, "आधी, आधी! मग माझं कधी?"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. सरसर सरसर दांड्यावर चढली. वर, वर, आणखी वर.

मिरी म्हणाली,

"दांड्या दांड्या, खाली येतोस का?
काकू जोडेनात,
दगड सरकेना,
गोळा सुटेना,
आणि ऊन थांबेना!"

दांडा म्हणाला, "नाही गं मिरी, मी नाही! ट्रॉलीचं शेपूट बघ. जमिनीला टेकलंय. सगळे क्रेट मागे. पुढे एकही नाही. मागे जड, पुढे हलकं, मग मी वर! आधी क्रेटना पुढे येऊ दे, मग मी."

मिरी म्हणाली, "आधी, आधी! मग माझं कधी?"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ट्रॉलीच्या मागच्या टोकाला क्रेटचा डोंगर. एकावर एक, एकावर एक.

मिरी म्हणाली,

"क्रेटांनो क्रेटांनो, पुढे येता का?
दांडा उतरेना,
काकू जोडेनात,
दगड सरकेना,
गोळा सुटेना,
आणि ऊन थांबेना!"

क्रेट म्हणाले, "नाही गं मिरी, आम्ही नाही! आम्हाला पाय आहेत का? आधी तात्यांना उचलू दे, मग आम्ही."

सगळ्यात खालचा क्रेट म्हणाला, "आणि लवकर सांग गं त्यांना! माझ्यावर पाच जण बसलेत. आई गं!"

मिरी म्हणाली, "आधी, आधी! मग माझं कधी?"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ऊन पुढे सरकलं. दगडाच्या पाठीवर आलं.

गेनबातात्या चिंचेखाली बसले होते. कोपर चोळत होते.

मिरी म्हणाली,

"तात्या तात्या, क्रेट उचलता का?
क्रेट येईनात,
दांडा उतरेना,
काकू जोडेनात,
दगड सरकेना,
गोळा सुटेना,
आणि ऊन थांबेना!"

तात्या म्हणाले, "हे बघ मिरी. ट्रॉलीच्या मागे आहे चिंचेची सावली. पुढे आहे ऊन. उन्हात सीताफळ मऊ पडतं. म्हणून मी सगळे क्रेट मागे ठेवले. सावलीत. चुकलं का माझं?"

"चुकलं," मिरी म्हणाली.

"बरं, चुकलं तर चुकलं," तात्या म्हणाले. "पण नाही गं मिरी, मी नाही! क्रेटवर झुंबर शेळी बसलीय. मघाशी हात लावला, तर अशी ढुशी दिली! हे बघ कोपर. आधी झुंबरला उतरू दे, मग मी."

"शेळीला भिता?" काकू लांबून हसल्या. "मिशा एवढ्या मोठ्या, आणि शेळीला भिता?"

"तुम्ही या की मग ढुशी खायला!" तात्या म्हणाले.

मिरी म्हणाली, "आधी, आधी! मग माझं कधी?"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. क्रेटवर चढली. दुसऱ्या क्रेटवर चढली. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या क्रेटवर चढली. दमली. धापा टाकल्या. सहाव्या क्रेटवर चढली.

तिथे बसली होती झुंबर. पांढरी पांढरी. दाढी हलवत. कचर कचर चिंचेचा पाला खात.

मिरी म्हणाली,

"झुंबर झुंबर, उतरतेस का?
तात्या उचलेनात,
क्रेट येईनात,
दांडा उतरेना,
काकू जोडेनात,
दगड सरकेना,
गोळा सुटेना,
आणि ऊन थांबेना!"

झुंबरने खाली बघितलं. "काय गं मोहरी?"

"मी मोहरी नाही! मिरी!"

"तेच ते," झुंबर म्हणाली. "नाही गं मोहरी, मी नाही! इथे गार सावली. गार वारा. तोंडासमोर पाला. मी आता ट्रॉलीत बसून फिरायला जाणार."

"अगं, ट्रॉलीवर बसायचं नसतं. गाडी हलली की पडशील!"

"मी? पडेन? मी शेळी आहे, शेळी!"

"बरं बाई. मग तू कधी उतरशील? आधी कुणाला काय करू दे?"

झुंबरने विचार केला. कचर कचर. खूप विचार केला. कचर कचर कचर.

"आधी कुणीच नाही, मग कुणीच नाही. मी उतरतच नाही!"

आता?

आता पुढे कुणीच नव्हतं. कुणाकडे जायचं? कुणाला सांगायचं?

मिरीने वरून खाली बघितलं. दगडाखाली ऊन शिरलं होतं. ऊन गोळ्याला टेकलं होतं. गोळ्याला पडली एक बारीकशी चीर.

चिर्र!

 मग मिरीला आला राग. केवढा? मिरीपेक्षा मोठा. झुंबरपेक्षा मोठा. रानगाडीपेक्षाही मोठा!

"सगळे म्हणतात, आधी तो. सगळे म्हणतात, आधी ती. ठीक आहे. आधी मी!"

मिरीची काळी पाठ उघडली. फट्! आतून निघाले पंख. मिरी उडाली.

भुंऽऽऽऽ!

झुंबरच्या उजव्या कानात भुंऽऽऽ! झुंबरने कान हलवला. फडफड! मिरी डाव्या कानात. भुंऽऽऽ! झुंबरने डावा कान हलवला. फडफड! मिरी नाकावर बसली. नाकाला झाल्या गुदगुल्या.

"म्यॅं... म्यॅं... म्यॅंऽऽछी!"

आणि झुंबरने मारली उडी. टुणुक! ट्रॉलीच्या कडेवर. टुणुक! बांधावर. टुणुक टुणुक टुणुक! पळाली की हो पळाली.

शेळी उतरली!

तात्या उठले. मिशीला पीळ दिला. "तिला मीच पळवली असती. जरा दम खात होतो."

तात्यांनी क्रेट उचलला. पुढे ठेवला. धप्प! दुसरा उचलला. धप्प! तिसरा ठेवला, पहिल्याच्या डोक्यावर. धप्प!

"उंच नको, तात्या!" काकू म्हणाल्या. "उंच रचलं की कलंडतं. सगळीकडे सारखं पसरा. थोडे पुढे जास्त. आणि हे घ्या ओलं गोणपाट. क्रेटवर टाका. मग उन्हाची भीती नाही."

"हे आधी नाही सांगितलंत!"

"तुम्ही आधी नाही विचारलंत!"

तात्यांनी क्रेट पसरले. गोणपाट टाकलं. वरून दोरी आवळली. करकच्च! सगळ्यात खालचा क्रेट म्हणाला, "हुश्श!"

शेळी उतरली,
तात्यांनी उचललं,
क्रेट पुढे आले!

आणि ट्रॉलीचं शेपूट हललं. कूंऽऽई! शेपूट वर आलं. दांडा खाली आला. हळू... हळू... हळू... ठक्!

काकू गाडीत बसल्या. पट्टा लावला. मागे वळून बघितलं. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. "मागे कुणी नाही ना? तात्या, बाजूला व्हा!" गाडी मागे आली. टुक टुक टुक. हूक दांड्यासमोर. काकूंनी ब्रेक ओढला. कर्रर्र! गाडी बंद केली. खाली उतरल्या. दांडा हुकात घातला. पिन बसवली. खट्! साखळी लावली. खळ्‌ खळ्! दांडा हलवून बघितला. सुटेना. शाबास!

शेळी उतरली,
तात्यांनी उचललं,
क्रेट पुढे आले,
दांडा उतरला,
काकूंनी जोडलं!

तात्या ट्रॉलीवर चढायला लागले. एक पाय वर टाकला.

"उतरा!" काकू म्हणाल्या. "आत्ताच एक शेळी उतरवलीय."

तात्या उतरले.

"गाडीत माझ्या शेजारी बसायचं. पट्टा लावून. पण आधी तो दगड काढा. मागून नाही, बाजूने!"

तात्या बाजूने वाकले. दगड म्हणाला, "आता सरकतो गं, मिरी!" दगड सरकला. सर्रर्र! ट्रॉली हलली का? नाही हलली. जागच्या जागी!

शेळी उतरली,
तात्यांनी उचललं,
क्रेट पुढे आले,
दांडा उतरला,
काकूंनी जोडलं,
दगड सरकला,
आणि गोळा सुटला!

टुप्!

मिरी गोळ्यावर झेपावली. चीर छोटीशीच होती. आत अजून ओल होती. गोळा आख्खा होता! मिरीने चिरेवर पाय दाबले. दाब दाब, दाब दाब. चीर बुजली.

पण ओली माती होती पलीकडे, सीताफळाच्या झाडाखाली. मध्ये होती ट्रॉली. मिरी निघाली ट्रॉलीच्या पोटाखालून. दोन चाकांच्या मधून. गडगड, गडगड.

तात्या गाडीत चढले. पट्टा लावला. "चला, हौसाबाई. उशीर झाला."

काकूही बसल्या, पण त्यांनी किल्ली फिरवलीच नाही. पाय ब्रेकवरच. "आधी मिरी, मग आपण."

"एका गोळ्यासाठी?"

"तुम्ही बघून सांगा, बाहेर आली का?"

तात्या वाकले. पट्ट्यात अडकले. आणखी वाकले. "नाही अजून. पहिल्या चाकाजवळ आहे."

वर रस्त्यावर उभा होता टेम्पो. पीं पीं! टेम्पोवाले हरबादादा सीताफळांची वाट बघत होते. पीं पीं पीं! कुणी येईना. शेवटी हरबादादाच खाली उतरून आले.

"ओ काकू, काय झालं? गाडी बंद पडली?"

"गाडी चांगली आहे," काकू म्हणाल्या. "पुढची गाडी जाईपर्यंत थांबलोय."

हरबादादांनी पुढे बघितलं. मागे बघितलं. "कुठंय गाडी?"

"खाली!" तात्या म्हणाले. "दुसऱ्या चाकाजवळ! आली, आली! बाहेर आली!"

हरबादादा उकिडवे बसले. खरंच! मिरी येत होती. डोकं जमिनीला. पाठ पुढच्या वाटेला. मागचे पाय गोळ्यावर. उलटी चालत होती आणि गोळा ढकलत होती. गडगड, गडगड. वाटेत काडी आली. मिरी वळली. खडा आला. मिरी वळली. कुठे धडकली नाही. कुठे पडली नाही.

झाडाखाली आली ओली माती. गार गार. मऊ मऊ. मिरीने माती उकरली. खुर्र खुर्र, खुर्र खुर्र. गोळा आत गेला. मिरी आत गेली. वर माती पडली. बाळाचं घर झालं!

काकूंनी किल्ली फिरवली. धुर्रर्र! रानगाडी निघाली. हळूहळू, सरळ, चढावरून वर. मागून ट्रॉली. ना कलंडली, ना सुटली.

हरबादादा मात्र तिथेच बसलेले. मातीकडे बघत. डोकं खाजवत.

"च्यामारी! एवढं ओझं, सगळी वाट रिव्हर्समध्ये, आणि हिला साधा आरसासुद्धा नाही!"