सगळ्यांना पाठ असलेली हकिगत

“...मग हे लोक माझ्याशी भांडत का नाहीत, बाबा?”

इन्स्पेक्टर विश्राम खैरनार भर दुपारी पांझरा नदीकाठच्या तकियात, फकिराच्या ठिकाणी आले होते. टोपी मांडीवर. समोर फाटक्या घोंगडीवर म्हातारे फकीर याकूबशा.

“भांडावं असं वाटतं तुला?”

“निंबा गेल्यापासून गावात कोणी उलटून बोलत नाही. न्हावी, चहावाला, सरपंच... काहीही सांगा, ‘हो साहेब’. सगळे एकसारखी मान हलवतात.” खैरनार थांबले. “मी रस्त्यानं निघालो की बोलणं बंद पडतं. पुढं गेल्यावरही सुरू होत नाही. कान देऊन पाहिलंय मी.”

दीड महिन्यापूर्वी गावातला निंबा पोलिसांच्या गोळीनं मेला होता. गोळी खैरनारांची, अहवालही त्यांच्याच हातचा. चौकशी झाली, ठपका आला नाही. वरून शाबासकी मिळाली.

बाबांभोवती सातआठ गावकरी बसले होते. कडेला निंबाची आई, जमनाबाई. ती रोज येई, भिंतीला टेकून बसे. निंबा गेला त्या दिवशी खैरनारांनी स्वतः तिला झालेली हकिगत सांगितली होती. तीही ‘हो साहेब’ म्हणाली होती.

“काय झालं ते सांग,” बाबा म्हणाले.

खैरनारांचा आवाज आपोआप कडक झाला. “आरोपीस पहाटे चार वाजता गुन्ह्याची जागा दाखवण्यासाठी नेत असताना...”

“...त्याने अंधाराचा फायदा घेऊन,” बाबा त्यांच्याबरोबरच म्हणू लागले, “शिपायाचे पिस्तूल हिसकावले...”

खैरनार चपापले, पण थांबले नाहीत. थांबणं त्यांना कमीपणाचं वाटलं. तेवढ्यात डावीकडून न्हाव्याचा आवाज मिसळला. मग आणखी एक. मग सगळेच.

“...पोलिसांच्या दिशेने गोळी झाडली. वारंवार इशारा देऊनही...”

खैरनार गप्प झाले. हकिगत थांबली नाही. खाली मान घालून सगळे एका सुरात, संथपणे म्हणत राहिले. त्यात चेष्टा नव्हती. रागही नव्हता. भिंतीजवळ जमनाबाईचे ओठ हलत होते.

“...सबब, स्वसंरक्षणार्थ गोळीबार करणे भाग पडले.”

सगळ्यांनी एकदम मान हलवली.

“हो साहेब.”

खैरनार बाबांकडे वळले.

“तुम्ही... अहवाल वाचलात?”

“मला अक्षर येत नाही, बेटा. ऐकून ऐकून पाठ झालं. निंबाच्या आधीही हेच ऐकलं होतं. नाव तेवढं दुसरं होतं.” बाबा जरा पुढं झुकले. “हे आम्हा सगळ्यांना येतं. याशिवाय तुला काय येतं?”

बाबांनी हात लांब करून खैरनारांच्या मांडीवरची टोपी उचलली आणि बाजूला मातीत ठेवली.

“शेवटी काय म्हणाला तो?”

खैरनारांनी मातीतल्या टोपीकडे पाहिलं.

“चप्पल.” त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. “चप्पल घालू द्या म्हणाला. माती तापलीय, पाय भाजतायत म्हणाला.”

अहवालात वेळ पहाटे चारची होती.

या वेळी कोणी मान हलवली नाही. सगळ्यांनी नजर वर केली होती आणि सगळे त्यांच्या डोळ्यांत बघत होते. खैरनारांना उठून जायचं होतं.

जमनाबाई भिंत धरून उभी राहिली. सावकाश चालत आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

“मग साहेब... दिली का त्याला चप्पल?”

खैरनारांनी बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते.

“माझ्याकडे काय बघतोस?” ते म्हणाले. “आई विचारतेय.”